पुस्तकातले साल आणि चेसिसवरचा आकडा

गेल्या अंकातील टिपणात मी असे लिहिले होते की, जुन्या मोटरसायकलींच्या इतिहासाचे पुस्तक गाडीशेजारी उकिडवे बसून, एक बोट पानावर आणि दुसरे इंजिनावर ठेवून वाचावे. त्यावर सोलापूर शहरातून तसेच बार्शी, पंढरपूर आणि अक्कलकोटकडून अपेक्षेपेक्षा अधिक पत्रे आली. काहींनी केवळ ‘अशी गाडी कुठे विकत मिळेल’ एवढेच विचारले आहे, ती पत्रे बाजूला ठेवली आहेत. उरलेल्यांपैकी काहींना येथे उत्तरे देत आहे.

आमच्या वाड्यात आजोबांची जावा २५० गेली वीस-बावीस वर्षे ताडपत्रीखाली उभी आहे. दुरुस्तीला काढण्याआधी तिचा इतिहास वाचावा, असे वाटते. सुरुवात कोणत्या पुस्तकापासून करावी?
– एक वाचक, उत्तर कसबा, सोलापूर

आपल्याला कदाचित पटणार नाही, परंतु सुरुवात इतिहासाच्या पुस्तकापासून न करता सुट्या भागांच्या यादीपासून करावी. कारखाने त्या काळी प्रत्येक मॉडेलबरोबर विक्रेत्यांसाठी अशी एक यादी छापत असत. तिच्यात इंजिनाचा एकेक भाग सुटा करून, ज्या क्रमाने तो बसतो त्याच क्रमाने चित्रात मांडलेला असतो आणि प्रत्येक भागाला क्रमांक दिलेला असतो. त्या चित्रांशी आपली गाडी ताडून पाहिली की आजोबांच्या वेळचे तिच्यात काय राहिले आहे आणि मधल्या काळात कोणत्या मिस्त्रीने काय बदलले आहे, हे आपल्याला दोन रविवारांत कळेल. त्यानंतर इतिहास वाचलात तर त्यातील प्रत्येक वाक्य आपल्या ओळखीच्या एखाद्या भागाशी जाऊन जोडले जाईल.

आता इतिहासाविषयी. जावाची कथा सांगणारी पुस्तके पुष्कळ आहेत आणि त्यांतील चांगले कोणते, हे ओळखण्याची माझी एक साधी खूण आहे: ते पुस्तक पहिल्या गाडीच्या अपयशाला किती पाने देते, हे मी आधी पाहतो. फ्रांतिशेक यानेचेक या चेक शस्त्रास्त्र कारखानदाराने १९२९ साली जर्मनीच्या वाँडरर कंपनीकडून ५०० सीसीच्या गाडीचे हक्क घेतले आणि स्वतःच्या व त्या कंपनीच्या नावांतील पहिली अक्षरे जोडून ‘जावा’ हे नाव तयार केले. (आपण ‘जावा’ म्हणतो, चेक लोक ‘यावा’ असा उच्चार करतात.) ही पहिली गाडी चेनऐवजी शाफ्टवर चालणारी, पत्र्याच्या दाबीव चौकटीची, जड आणि महाग होती, आणि ती बाजारात आली तोच जगभर मंदी पसरली. कारखाना तरला तो जॉर्ज पॅचेट या इंग्रज अभियंत्याने विलियर्सचे इंजिन घालून १९३२ मध्ये सिद्ध केलेल्या १७५ सीसीच्या हलक्या व स्वस्त गाडीमुळे. हे प्रकरण दोन ओळींत गुंडाळून थेट १९४६ च्या ‘पेराक’वर उडी मारणारे पुस्तक मी सहसा परत ठेवतो, कारण पेराक ही २५० सीसीची टू-स्ट्रोक गाडी जर्मन ताब्याच्या काळात लपूनछपून का आखली गेली आणि तिच्यात साधेपणावर एवढा भर का दिला गेला, हे मंदीत पोळलेल्या त्या कारखान्याकडे पाहिल्याशिवाय समजत नाही.

आपल्या वाड्यातली गाडी पेराकनंतरच्या पिढीची, म्हणजे पन्नाशीच्या दशकातील ३५३ या जातीची असणार. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून तीच बनू लागली. किकचा दांडा आत दाबून पुढे फिरवला की तोच गिअरचा दांडा होतो, ही तिची करामत आपण लहानपणी पाहिलीच असेल. दोन सायलेन्सर पाहून ती दोन सिलिंडरांची आहे, अशी पैज लावणारे लोक मात्र आजही भेटतात. पिस्टन एकच आहे, ६५ मिलिमीटर व्यासाचा आणि ७५ मिलिमीटर फेऱ्याचा. त्याच्या सिलिंडरला धूर बाहेर टाकण्यासाठी दोन दारे आहेत, एवढेच.

पुढे याच कारखान्याने वापरलेल्या ‘येझ्दी’ या नावाची व्युत्पत्ती पुस्तकांत दोन प्रकारे दिलेली आढळते. काहींच्या मते ते ‘धावते’ अशा अर्थाच्या चेक क्रियापदावरून आले, तर काहींच्या मते कारखान्याच्या इराणी मालकांच्या पूर्वजांच्या यझ्द या शहरावरून. दोन्ही सांगून थांबणारा लेखक मला अधिक भरवशाचा वाटतो.

माझ्याकडील तीन पुस्तकांत बुलेटच्या जन्माची तीन साले दिली आहेत: १९३२, १९४८ आणि १९४९. शिवाय आमच्या काकांच्या बुलेटच्या आर.सी. बुकात १९५९ असताना एका जाणकाराने इंजिन त्याआधीचे ठरवले. खरे कुणाचे मानावे?
– एक निवृत्त शिक्षक, बार्शी

तिन्ही पुस्तके खरी आहेत आणि तो जाणकारही खरा असू शकतो. आपला प्रश्न या अंकातला मला सर्वांत आवडलेला प्रश्न आहे.

‘बुलेट’ हे नाव रॉयल एनफिल्डने प्रथम वापरले ते १९३२ साली. ज्या गाडीला आपण आज बुलेट म्हणतो, तिचे नमुने १९४८ मध्ये इटलीतील सान रेमो येथील सहा दिवसांच्या आंतरराष्ट्रीय कसोटीत धावले, आणि ग्राहकाला ती मिळू लागली १९४९ च्या सुमारास. पहिला लेखक नावाची जन्मतारीख देतो, दुसरा यंत्राची, तिसरा दुकानातल्या मालाची. कोणती तारीख आपण देत आहोत हे न सांगणे हा मात्र तिघांचाही दोष आहे.

ब्रिटिश गाड्यांच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. तेथील कारखाने पुढच्या वर्षीची मॉडेले आदल्या वर्षीच्या उत्तरार्धातच जाहीर करीत आणि शरद ऋतूतील लंडनच्या प्रदर्शनात मांडीत. त्यामुळे एडवर्ड टर्नरची ट्रायम्फ स्पीड ट्विन काही पुस्तकांत १९३७ ची असते, तर काहींत १९३८ ची. जाहीर झाली १९३७ मध्ये आणि गणली गेली १९३८ च्या मॉडेलांत. त्यापुढे गाडी कारखान्यातून निघाल्याचा दिवस वेगळा, बोटीतून उतरल्याचा वेगळा आणि नोंदणीचा आणखी वेगळा.

काकांच्या गाडीचे कोडे येथेच सुटेल, असे मला वाटते. भारतीय सैन्याच्या मागणीनंतर १९५५ साली मद्रासमध्ये एनफिल्ड इंडिया उभी राहिली, तेव्हा आरंभी इंग्लंडमधील रेडिच येथून सुटे भाग पेट्यांतून येत आणि येथे फक्त जोडले जात. भाग घडवण्याची अवजारे व साचे १९५७ मध्ये मद्रासला मिळाले आणि १९६२ पर्यंत सर्व भाग भारतात होऊ लागले. म्हणजे १९५९ ची नोंद असलेली गाडी नेमकी सांध्यावरची आहे: काही भाग तिकडचे, काही इकडचे. आर.सी. बुक हे सरकारदरबारच्या एका दिवसाची नोंद देते, त्याहून अधिक काही नाही. इंजिनाच्या केसवर, म्हणजे बाहेरच्या कवचावर, आणि चेसिसच्या मानेवर ठोकलेले आकडे रंगाचे थर न खरवडता, रॉकेलच्या फडक्याने पुसून वाचावेत आणि पुस्तकातील तक्त्याशी ताडावेत. खरवडू नये असे मुद्दाम सांगतो, कारण एका गॅरेजमध्ये माझ्याच गाडीचा आकडा पॉलिशच्या चाकाखाली निम्मा गेला आणि पुढची कागदपत्रे करताना मला त्याचा पुरेपूर जाच झाला.

जाता जाता एक गोष्ट सांगतो, कारण ती आपल्या गावाला शोभणारी आहे. ‘रॉयल एनफिल्ड’ मोटरसायकली एनफिल्ड या गावी बनत नव्हत्या. तेथील सरकारी शस्त्र कारखान्याला सुटे भाग पुरवण्याच्या कंत्राटावरून ते नाव घेतले गेले. प्रत्यक्ष कारखाना होता रेडिचला, आणि रेडिच प्रसिद्ध होते ते सुयांसाठी. या कंपनीचे मूळही एका सुया करणाऱ्या कारखान्यापर्यंत जाते. सुईच्या गावात जन्मलेली गाडी चादरींच्या गावात एवढी रुजली, याचे मला नेहमीच कौतुक वाटत आले आहे. रेडिचचा कारखाना १९६७ साली बंद झाला, ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन येथील उरलेसुरले उत्पादन १९७० मध्ये थांबले, आणि १९७७ मध्ये मद्रासची बुलेट इंग्लंडला निर्यात होऊ लागली.

माझा मुलगा अभियांत्रिकीला आहे. तो जुन्या शर्यतींची आणि वेगवान गाड्यांची पुस्तके रात्र रात्र वाचतो. विजापूर रस्त्यावर संध्याकाळी पोरे कशी गाड्या उडवतात, हे आपण पाहताच. या वाचनाने त्याचे वेगाचे वेड वाढेल, अशी भीती वाटते.
– एक वडील, जुळे सोलापूर

आपली भीती मी हसण्यावारी नेणार नाही. मात्र या विषयाची चांगली पुस्तके वेगाची किंमतही चोख सांगतात, आणि त्याचे सर्वांत ठळक उदाहरण ‘अरबस्तानचा लॉरेन्स’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टी. ई. लॉरेन्सचे आहे. नॉटिंगहॅमच्या जॉर्ज ब्रफ यांच्या कारखान्यातील ‘ब्रफ सुपीरिअर’ या त्या काळच्या सर्वांत महागड्या गाड्यांपैकी सात गाड्या त्याने एकामागून एक वापरल्या. १३ मे १९३५ रोजी डॉर्सेटमधील आपल्या घराजवळ, सायकलवरील दोन मुलांना चुकवताना तो फेकला गेला आणि १९ मे रोजी वारला. डोक्यावर काही नव्हते. बहुतेक पुस्तके येथे एक हळहळ व्यक्त करून पान उलटतात. पुढचे पान अधिक महत्त्वाचे आहे: त्याच्यावर उपचार करणाऱ्यांमध्ये ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यविशारद होते. त्यांनी मोटरसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमांचा पाठपुरावा केला, १९४१ मध्ये हेल्मेटच्या उपयोगावर निबंध प्रसिद्ध केला आणि त्याच वर्षी ब्रिटिश सैन्याने आपल्या स्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. आपल्या चिरंजिवांना हे प्रकरण आधी वाचायला द्यावे आणि मग हेल्मेटचा विषय काढावा. बापाच्या बोलण्यापेक्षा छापील शब्दाचा मान त्या वयात थोडा जास्त असतो.

शर्यतींच्या पुस्तकांविषयीही थोडे सांगतो. आइल ऑफ मॅन बेटावरील टीटी ही सर्वांत नामांकित शर्यत २८ मे १९०७ रोजी सुरू झाली. ब्रिटनमध्ये रस्त्यावर ताशी २० मैलांची मर्यादा होती आणि शर्यतीसाठी रस्ते बंद करता येत नव्हते. त्या बेटाला स्वतःचे कायदे करण्याचा अधिकार असल्यामुळे ती तेथे गेली. पहिल्या वर्षीची गंमत अशी की, गाडीने किती पेट्रोल प्यावे यावर बंधन होते: एका सिलिंडरच्या गाडीने गॅलनला ९० मैल द्यावेत, म्हणजे लिटरला सुमारे ३२ किलोमीटर, आणि दोन सिलिंडरच्या गाडीने ७५ मैल. ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ हा आपल्याकडचा पहिला प्रश्न त्या शर्यतीनेही विचारला होता. एका सिलिंडरच्या गटात चार्ली कॉलिअर मॅचलेस गाडीवर ताशी सुमारे ६१ किलोमीटरच्या सरासरीने जिंकला. विजापूर रस्त्यावरची मुले त्याला सहज मागे टाकतील. मात्र त्याच्या रस्त्यावर डांबर नव्हते आणि गाडी पट्ट्यावर चालत होती.

राजदूत ही पोलंडच्या गाडीची नक्कल होती, असे एका इंग्रजी पुस्तकात उपहासाने लिहिले आहे. आमच्या दूधवाल्यांची, तलाठ्यांची गाडी अशी हिणवलेली पाहून वाईट वाटले.
– एक वाचक, मोहोळ

‘नक्कल’ हा शब्द चुकीचा आहे. एस्कॉर्ट्स या भारतीय कंपनीने पोलंडच्या एसएचएल एम-११ या १७५ सीसीच्या टू-स्ट्रोक गाडीवरून, रीतसर करार करून, १९६२ च्या सुमारास राजदूत बनवायला घेतली. परवाना घेणे आणि नक्कल करणे यांतला फरक ज्या लेखकाला दिसत नाही, त्याच्या इतर विधानांकडेही मी जपून पाहीन.

उलट खरी नक्कल पाहायची असेल तर त्या इंग्रजांच्याच घरात पाहावी. जर्मनीतील चोपाऊ येथील डीकेडब्ल्यू कारखान्यात हेर्मान वेबर यांनी युद्धापूर्वी आरटी १२५ ही छोटी गाडी आखली होती. युद्ध हरल्यावर तिचे आराखडे विजेत्यांनी नुकसानभरपाई म्हणून उचलले. रशियाने मॉस्कोत तीच गाडी काढली, अमेरिकेत हार्ले-डेव्हिडसनने १२५ सीसीची काढली आणि इंग्लंडमध्ये बीएसएने १९४८ साली ‘बँटम’ आणली. बँटमचे इंजिन म्हणजे आरटीचे आरशातले रूप आहे: गिअर आणि किक उजव्या बाजूला यावेत म्हणून त्यांनी आराखडा डावा-उजवा उलटा केला. जपानमध्ये यामाहाची १९५५ ची पहिली मोटरसायकलही त्याच आरटीवरून घडली. यांपैकी कुणालाही कुणी हिणवत नाही, तर मोहोळच्या दूधवाल्याच्या गाडीलाच का?

राजदूतविषयी माझी खरी तक्रार वेगळी आहे. तिच्यावर गंभीरपणे लिहिणारे इतके थोडे आहेत की ‘बॉबी’ चित्रपटातल्या छोट्या जीटीएसबद्दल आणि १९८३ मध्ये आलेल्या, ३४७ सीसीच्या दोन सिलिंडरांच्या राजदूत ३५० बद्दल पानेच्या पाने मिळतात. परंतु कच्च्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना किटल्या लावून आयुष्य काढलेल्या साध्या १७५ बद्दल जेमतेम परिच्छेद मिळतो. आपल्या तालुक्यातल्या जुन्या फिटरांकडे तिची जी माहिती आहे, ती अजून वहीत सुद्धा उतरलेली नाही. आपणच ते काम का सुरू करू नये? कोणत्या साली कोणता भाग बदलून आला, कोणता भाग कधीच टिकला नाही, त्यावर इथल्या लेथवाल्याने काय उपाय काढला, एवढे तीन-चार जणांना विचारून लिहिले तरी पुढच्या लेखकाला ते सोन्यासारखे होईल.

माझे वडील गिरणीत जॉबर होते. ब्रिटिश मोटरसायकलींचा धंदा जपान्यांनी बुडवला, असे सर्वत्र वाचतो. गिरण्यांबद्दलही आम्ही असेच कुणावर तरी खापर फोडतो. याविषयी खोलात जाणारे पुस्तक आहे काय?
– एक वाचक, साखर पेठ, सोलापूर

आहे, आणि ते आपण वाचावेच. बर्ट हॉपवूड यांचे ‘व्हॉटेव्हर हॅपन्ड टु द ब्रिटिश मोटरसायकल इंडस्ट्री?’ हे १९८१ चे पुस्तक बाहेरच्या इतिहासकाराने लिहिलेले नाही. हॉपवूड स्वतः एरिअल, ट्रायम्फ, नॉर्टन आणि बीएसए या कारखान्यांत आराखडे करणारे अभियंते होते. नॉर्टनची डॉमिनेटर आणि बीएसएची गोल्डन फ्लॅश ही त्यांची इंजिने. त्यामुळे त्यांच्या लिखाणात आतल्या माणसाचा संताप आहे, आणि तो वाचकाने थोडा वजा करून वाचावा, असे माझे मत आहे. ज्याच्या सूचना फेटाळल्या गेल्या त्याला त्या सर्वच बरोबर वाटतात. तरीही त्यांचे मूळ म्हणणे ठाम उभे राहते. जुनी यंत्रे बदलली गेली नाहीत, एकाच मूळ आराखड्यातून लहान-मोठी इंजिने काढण्याची योजना मान्य झाली नाही, आणि ज्यांनी निर्णय घ्यायचे त्यांना कारखान्याच्या फरशीवर काय चालते याची फिकीर नव्हती.

एकच उदाहरण देतो, कारण ते डोळ्यांना दिसणारे आहे. जुन्या ब्रिटिश गाड्यांखाली तेलाचा डाग पडतो, याचे आपल्याकडे विनोद होतात. त्या इंजिनांची केस बहुधा उभी चिरलेली असे, म्हणजे सांधा तळापर्यंत जाई आणि तेल त्या सांध्यावरच उभे राही. त्यातून कापणारी यंत्रे झिजलेली असली की दोन्ही अर्धे नीट जुळत नसत. होंडाने केस आडवी चिरली, सांधा तेलाच्या पातळीच्या वर आणला आणि तो नव्या यंत्रांवर कापला. हा फरक कळायला तंत्रज्ञ असावे लागत नाही. आपल्या वडिलांनी झिजलेल्या चात्यांवर सूत कसे तुटते ते पाहिलेच असेल.

सालांचा क्रमही बोलका आहे. होंडा १९५९ मध्ये टीटीला प्रथम आली आणि १२५ सीसी गटात संघाचे पारितोषिक घेऊन गेली. १९६१ मध्ये माइक हेलवूडने होंडावर १२५ आणि २५० हे दोन्ही गट जिंकले. म्हणजे इशारा अंगणात येऊन दिला गेला होता. हॉपवूड आणि डग हील यांनी तीन सिलिंडरांच्या इंजिनाचा विचार साठीच्या दशकाच्या आरंभीच मांडला होता, परंतु ती गाडी बाजारात आली १९६८ मध्ये, आणि पुढच्याच वर्षी चार सिलिंडरांची, पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक असलेली आणि बटणावर चालू होणारी होंडा सीबी ७५० दाखल झाली. ट्रायम्फच्या मेरिडन कारखान्यात १९७३ मध्ये कामगारांनी ठाण मांडले, पुढे सहकारी तत्त्वावर तो चालवला आणि १९८३ मध्ये तो बंद पडला. हे शेवटचे प्रकरण सोलापूरच्या वाचकाने एका बैठकीत वाचू नये. मला ते अर्ध्यावर मिटून बाहेर चक्कर मारून यावे लागले होते.

इंग्रजी पुस्तके हाती घेतली की तांत्रिक शब्दांशी अडखळतो. मराठीत अशी पुस्तके नाहीत. काय करावे?
– एक तरुण वाचक, पंढरपूर

आपल्याला वाटते तेवढे शब्द आपल्याला अनोळखी नाहीत. टॅपेट, मॅग्नेटो, पॉइंट, स्प्रॉकेट, क्लच प्लेट हे सारे आपण गॅरेजात रोज ऐकतो. अडचण येते ती ब्रिटिश आणि अमेरिकन लेखक एकाच वस्तूला दोन नावे देतात तेव्हा. पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणारी पिन इंग्रजाची ‘गजन पिन’ असते आणि अमेरिकनाची ‘रिस्ट पिन’. अशी दहा-वीस जोड्यांची यादी पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने करावी आणि समोर आपल्या फिटरचा शब्द लिहावा: फोर्कला ‘चिमटा’, थ्रेडला ‘आटे’, शॉक अ‍ॅब्सॉर्बरला ‘शॉकअप’.

आट्यांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. जुन्या ब्रिटिश गाड्यांचे नट-बोल्ट व्हिटवर्थ आणि सायकल थ्रेड या मापांचे असतात, आणि व्हिटवर्थ पान्ह्यावरचा आकडा नटाच्या रुंदीचा नसून बोल्टच्या जाडीचा असतो. जावाचे सारे मिलिमीटरमध्ये. हे न समजता मिलिमीटरचा पाना ब्रिटिश नटावर चालवला की नटाचे कोपरे जातात. मोठमोठी चित्रमय पुस्तके याबद्दल अवाक्षर काढत नाहीत आणि वर्कशॉप मॅन्युअल पहिल्या पानावर सांगते, म्हणून दोन्ही जवळ असावीत.

भाषेच्या गोडीसाठी वाचायचे असेल तर ‘इक्सियन’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या बेसिल डेव्हिस यांचे काही मिळाले तर सोडू नये. ते धर्मोपदेशक होते आणि अर्धशतकाहून अधिक काळ ‘द मोटर सायकल’ या साप्ताहिकात लिहीत राहिले. इक्सियन म्हणजे ग्रीक पुराणात कायम फिरणाऱ्या जळत्या चाकाला बांधलेला शापित माणूस. पावसात घसरणारा चामडी पट्टा, चढावर पायडल मारून इंजिनाला दिलेला हात, वाटेत पंक्चरमागून पंक्चर, हे सारे त्यांनी स्वतः भोगलेले असल्यामुळे त्यांची वाक्ये सोपी आणि खेळकर आहेत. पंढरपूरच्या वारीत चालणाऱ्याला त्या प्रवासांतले हाल परके वाटणार नाहीत.

‘व्हिंटेज’ नेमके कशाला म्हणावे? माझी १९७१ ची गाडी व्हिंटेज ठरते का?
– एक वाचक, होटगी रस्ता, सोलापूर

इंग्रजी पुस्तकात नाही, भारतीय नियमात होय. ब्रिटनच्या १९४६ साली स्थापन झालेल्या व्हिंटेज मोटर सायकल क्लबच्या परिभाषेत १९१४ अखेरपर्यंतची गाडी ‘व्हेटरन’ आणि त्यानंतर १९३० अखेरपर्यंतची ‘व्हिंटेज’. आपल्याकडे २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदता येते. तिच्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येते, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे, आणि अशी गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी चालवता येत नाही. रोज नवी पेठेत जायचे असेल तर ही नोंदणी करू नये.

जुन्या मॅन्युअलची नवी छापील प्रत मागवावी की मूळ प्रत शोधावी? आणि उन्हाळ्यात व वाळवीपासून पुस्तके कशी जपावीत?
– एक वाचक, अक्कलकोट

वाचण्यासाठी नवी छापील प्रत पुरते. मात्र पैसे देण्याआधी वायरिंगच्या आकृतीचे पान दाखवायला सांगावे. एका विक्रेत्याकडून मी मागवलेल्या प्रतीत मूळ पुस्तकाची घडीची पाने अर्धीच उतरवलेली होती, आणि सगळ्या तारा कडेला येऊन तुटल्या होत्या. रंगाच्या छटा, मालकाने समासात लिहिलेल्या नोंदी आणि मधे अडकवलेल्या पावत्या हव्या असतील तर मूळ प्रतीला पर्याय नाही. माझ्याकडच्या एका जुन्या हँडबुकात पेट्रोल किती भरले आणि पंढरपूरला जाऊन किती किलोमीटर झाले, याचा अनोळखी हस्ताक्षरातला हिशोब आहे. त्या गाडीचा इतिहास मला त्या पानाएवढा दुसरीकडे कुठेच मिळालेला नाही.

जपण्याचे म्हणाल तर कपाट भिंतीला टेकवू नये, खालचा कप्पा जमिनीपासून वीतभर वर असावा आणि वर्षातून दोनदा पुस्तके सावलीत उघडून ठेवावीत. आपल्याकडच्या वैशाखातल्या उन्हात मात्र ठेवू नयेत, बांधणीचा डिंक तडकतो. गॅरेजात मूळ पुस्तक कधीही नेऊ नये. हव्या त्या पानांची झेरॉक्स काढून न्यावी, तिच्यावर तेलाची बोटे उमटू द्यावीत आणि काम झाले की ती फिटरलाच देऊन टाकावी.